रंगीत ओळी आणि अंबरनाथची केबिन

उल्हासनगरच्या आमच्या ऑफिसात प्रत्येक कॉम्प्युटरच्या बाजूला मी एक कागद लावला होता. प्लास्टिकच्या कव्हरात घालून, चारही कोपऱ्यांना टेप मारून. त्यावर रोज लागणारे शॉर्टकट होते. सेव्ह करायला कंट्रोल-एस, शोधायला कंट्रोल-एफ, चुकलं तर कंट्रोल-झेड, जागेवरून उठताना स्क्रीन लॉक करायला विंडोज-एल. सगळ्यात खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. 'फायनल' असं नाव देऊ नये, कारण त्यानंतर 'फायनल नवीन' येतंच.

तो कागद माझ्याशिवाय कोणी वाचत नसे. सगळे विचारायला माझ्याकडे येत. "कागदावर लिहिलंय," असं मी म्हणत असे आणि उठून त्यांच्या टेबलाशी जात असे. मला ते आवडायचं, हे तेव्हा मी कोणाला सांगितलं नसतं.

आमचा धंदा जीन्सला लागणाऱ्या बारीक सामानाचा. बटणं, झिपा, रिव्हेट, कमरेवरची लेबलं. उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये, म्हणजे जुन्या सिंधी वस्त्यांमध्ये, गल्लोगल्ली जीन्स शिवल्या जातात, त्यातल्या पुष्कळांना आमच्याकडून माल जातो. ज्यांना माल जातो त्या सगळ्या 'पार्ट्या'. खाली गोदाम आणि वर एक लांबट खोली, तेच ऑफिस. बिलं, पार्ट्यांची यादी, कोणाची ऑर्डर कुठवर आली, हे सगळं मी बरीच वर्षं बघते.

शेठनी अंबरनाथच्या एमआयडीसीत गाळा घेतला आणि बटणांच्या पॉलिशचं काम तिथे सुरू करायचं ठरवलं, तेव्हा मी एक गोष्ट मनाशी धरली. तिथे छोटं ऑफिस होणार होतं, ऑफिसात काचेची केबिन होणार होती आणि केबिनमध्ये एक इन्चार्ज बसणार होता. मला ती केबिन हवी होती. मी बदलापूरला बेलवलीत राहते, अंबरनाथ जवळ पडेल, हे मी घरी सांगितलेलं कारण. खरं कारण असं की इतकी वर्षं मी खोलीच्या मधोमध बसून काम केलं. येणारा-जाणारा माझ्या टेबलावर कोपर टेकून बोलतो, कोणी चहाचा कप ठेवून जातो. मला दार हवं होतं.

शेठ एकदा जिन्यात म्हणाले, "मॅडम, अंबरनाथला कोणाला बसवायचं, सोचो जरा."

मी हो म्हटलं. मी सोचूनच बसले होते. पण 'मला बसवा' हे शब्द तोंडातून निघाले नाहीत. माझं काम शेठना दिसतंच आहे, वेगळं काय सांगायचं, असं मला वाटलं.

मग ती आली. माझ्याच वयाची, बदलापुरातच खरवईच्या नव्या सोसायट्यांपैकी एकीत राहणारी. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागलेली. पहिल्या दिवशी मला "ताई, तुम्ही" म्हणाली. आठवड्याभरात "अगं ताई" झालं. मी तिला शेवटपर्यंत मॅडमच म्हटलं. तिचं टेबल म्हणजे पसारा होता. डबा, पर्स, पावत्या, अर्धी खाल्लेली चिक्की, सगळं की-बोर्डच्या आसपास. तिच्या डेस्कटॉपवर इतक्या फाइली होत्या की मागचं चित्र दिसत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी मनात शेरा मारला: अव्यवस्थित. असा शेरा मिळालेली माणसं आमच्याकडे फार टिकत नाहीत.

आमच्याकडे डिस्पॅचचं काम बघणारे एक काका आहेत. मांजर्लीचे, मूळचे शेतीवाले, आता मुलगा नोकरीला आणि जमीन बिल्डरकडे. काका माल कोणत्या गाडीने गेला ते मेसेजवर कळवतात. एक पत्ता कॉपी करायचे, मग गाडीचा नंबर कॉपी करायचे, आणि पत्ता गेला म्हणून पुन्हा शोधत बसायचे. वर्षानुवर्षं. मी त्यांना सांगितलं होतं, आधी एक चिकटवा, मग दुसरं कॉपी करा. क्रम पाळा.

त्या दिवशी ते नेहमीसारखे वैतागले. "कॉपी मारलेलं गेलं कुठं?"

ती खुर्चीसकट सरकत त्यांच्याकडे गेली. "काका, कुठे जात नाही ते. विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि व्ही दाबा. बघा."

स्क्रीनवर छोटी खिडकी उघडली. ते चालू करायचं का, असं खिडकीत विचारलं होतं, काकांनी हो केलं. त्यानंतर जे जे कॉपी करतील ते एकाखाली एक दिसू लागलं. हवं त्यावर क्लिक केलं की चिकटलं.

"आयला," काका म्हणाले. "हे म्हणजे भाजीवालीच्या पाटीसारखं झालं. हवं ते उचला."

"आणि पासवर्ड नका हां कॉपी करू, तोही पाटीत दिसतो," ती म्हणाली.

ती हसली, काका हसले, कोपऱ्यात बसणारा अकाउंटंटसुद्धा उठून बघायला गेला. मी माझ्या जागेवरून मान वर केली नाही. पण दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी विंडोज-व्ही दाबून बघितलं. मला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांना क्रम पाळायला शिकवत होते आणि हे बटण तिथेच होतं. मी त्या दिवसापासून रोज ते वापरते. माझ्या कागदावर मात्र ते लिहिलं नाही.

त्यानंतर लोक तिच्याकडे जायला लागले. लांबलचक यादी खाली नेली की वरची नावं दिसेनाशी होतात, तर फ्रीझ पेन्स लावून पहिली ओळ जागेवर कशी धरायची. चुकून बंद झालेलं ब्राउझरचं पान कंट्रोल-शिफ्ट-टी करून कसं परत आणायचं. स्क्रीनचा तेवढाच तुकडा हवा असेल तर विंडोज-शिफ्ट-एस. यातलं बरंचसं मला येत होतं. फ्रीझ पेन्स तर मी काकांना दोनदा शिकवलं होतं. तेव्हा त्यांनी मान हलवली होती आणि विसरले होते. तिने एकदाच शिकवलं आणि ते लक्षात राहिलं. मी शिकवते तेव्हा लोक उभे राहून ऐकतात. ती शिकवते तेव्हा लोक स्टूल ओढून बसतात. हे मला रोज दिसत होतं, आणि दिसलं की चहा कडू लागत होता.

मी संध्याकाळी घरी हे सांगितलं. नवरा पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, "एवढं काय येतं तिला?"

"मला येतं तेवढंच. थोडं जास्त."

"मग प्रॉब्लेम काय?"

"ती हसत हसत सांगते."

त्याने पेपर खाली केला. "तूही हस की."

मी त्याला भाजी निवडायला बसवलं. त्याच्याकडून एवढंच होण्यासारखं होतं.

अंबरनाथचं काम जवळ आलं तसं शेठनी दोन्ही जागांसाठी एकच नवं बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. पार्ट्यांची यादी माझ्या एक्सेलमधून त्यात चढवायची होती. यादी माझी, म्हणून काम माझं. ते नीट पार पडलं की केबिनचा विषय आपोआप निघेल, असा माझा हिशेब होता. सकाळी लवकर येऊन मी फाइल चढवली. लाल पट्टी आली आणि फाइल नाकारली गेली. पुन्हा चढवली, पुन्हा लाल पट्टी.

ती मागे येऊन उभी राहिली. मी बोलावलं नव्हतं.

"ताई, पहिल्या ओळीत रकान्यांची नावं लागतात गं त्याला. तुझ्याकडे पहिल्या ओळीत देव आहे."

हे खरं होतं. शेठच्या वडिलांच्या काळात पहिल्या पानावर ॐ काढल्याशिवाय कोणतंही काम सुरू होत नसे. कॉम्प्युटर आला तेव्हा मी ती रीत तशीच ठेवली. प्रत्येक शीटमध्ये पहिली ओळ पूर्ण जोडून घ्यायची, मधोमध ॐ, केशरी रंगात. पार्टी, पत्ता, फोन हे सगळं दुसऱ्या ओळीपासून. शेठ यादीची प्रिंट हातात घेतात तेव्हा आधी त्या ओळीला बोट लावतात.

"तो तिथून हलणार नाही," मी म्हणाले.

"हलवायचा कशाला, बसवू की वर." तिने माझ्या खुर्चीत बसून माझ्या फाइलची कॉपी काढली, ती ओळ काढून टाकली, इन्सर्टमध्ये जाऊन पानाचं हेडर उघडलं आणि ॐ तिथे टाइप केला. शीटवर काही दिसत नव्हतं. प्रिंटचं चित्र उघडलं तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर ॐ.

तिने ते चित्र बंद केलं आणि नेमके तेव्हा शेठ वर आले. स्क्रीनवर पहिल्या ओळीत ॐ नाही हे बघून थबकले. "ॐ किसने निकाला?"

माझ्या मनात आलं, आता ऐक.

"निकाला नही शेठ, ऊपर बिठाया," ती म्हणाली आणि प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली. "अभी हर पेज पे आएगा. पहले सिर्फ पहले पेज पे आता था."

शेठनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं. दोन्हींवर बोट लावलं. मग माझ्याकडे बघून त्यांच्या सिंधी लकबीत म्हणाले, "साईं, ये पहले क्यों नही किया, मॅडम?"

ते चिडून नव्हते म्हणाले. पण त्या दिवसभरात मला तेच वाक्य ऐकू येत राहिलं. ती रीत मी सांभाळली, इतक्या शीटमध्ये केशरी रंग मी भरला, आणि देव प्रत्येक पानावर नेला तिने, अर्ध्या मिनिटात.

फाइल आता चढायला लागली, पण सॉफ्टवेअर पुन्हा अडलं. एकाच नावाच्या पार्ट्या अनेक वेळा आहेत, म्हणे. तिने डुप्लिकेट काढून टाकायचं बटण शोधलं आणि माउस त्यावर नेला.

"थांबा," मी म्हणाले.

"डबल आहेत ना?"

डबल नव्हत्या. आमच्याकडे भाऊ वेगळे होतात तेव्हा दुकानाच्या भिंती वाटल्या जातात, शिलाई मशिनी वाटल्या जातात, पण दुकानाचं नाव कोणी सोडत नाही. बापाने चालवलेलं नाव, बाजारात त्याच नावावर माल मिळतो. म्हणून एका नावाची दोन दुकानं, कधी तीन, कधी त्याच गल्लीत समोरासमोर. यादीत ती ओळखायला मी रंग भरले होते. कोणता रंग म्हणजे काय, हे फक्त मला माहीत होतं. नवीन सॉफ्टवेअरला रंग दिसत नव्हते.

मला आठवतं, मी काही क्षण खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. हे रंग सांगितले की यादी कोणालाही वाचता येणार होती. आत्तापर्यंत माल पाठवायच्या आधी काका मला हाक मारून विचारायचे, "मॅडम, हा थोरला की धाकटा?" ते विचारणं संपणार होतं. पण न सांगता तिला ते बटण दाबू द्यायचं, हेही माझ्याच्याने झालं नसतं. माझी यादी चुकीची होऊन चढली असती. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"पिवळा थोरला. गुलाबी धाकटा."

"बरं. हिरवा?"

"काका-पुतणे. वरचा काका, खालचा पुतण्या."

"आणि हा निळा?"

"एकमेकांशी बोलत नाहीत, पण माल एकाच गाडीतून चालतो."

"आणि पिवळ्या-गुलाबीचा?"

"वेगळ्या गाडीतून. एकाचा खोका दुसऱ्याच्या खोक्यावर ठेवलेला दिसला तरी दोघंही माल परत पाठवतात."

ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "अगं, ही यादी आहे की सिरियल?"

मी हसले नाही. तिने नवीन रकाना घेतला. रंगाने फिल्टर लावला, पिवळ्या तेवढ्या ओळी समोर आल्या. फक्त दिसणाऱ्या ओळींचे रकाने निवडले, 'थोरला' असं एकदा लिहिलं आणि कंट्रोल-एंटर दाबलं. सगळ्या पिवळ्या ओळींत थोरला. मग गुलाबी. निळ्या आणि हिरव्या ओळी तेवढ्या तिने मला विचारत हाताने भरल्या. मी एकेका ओळीला रंग भरत आणले होते, कोण कधी वेगळं झालं ते कळेल तसं. ते सगळं चहा यायच्या आत शब्दांत उतरलं. रंगाने फिल्टर लागतो हे मला माहीत होतं. कंट्रोल-एंटर माहीत नव्हतं.

यादी चढली. हिरवी पट्टी आली. काकांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर ती उघडून बघितली आणि खुश होऊन म्हणाले, "बरं झालं, आता मॅडमना हाका मारायला नकोत."

त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं होतं.

पुढच्याच आठवड्यात शेठनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "अंबरनाथ ये देखेंगी," ते म्हणाले आणि तिच्याकडे बोट केलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी शेठकडे पाहत होते.

"शेठ, मला तिथे जायचं होतं," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

शेठना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तुमने कभी बोला नही."

"आता बोलते आहे."

"पण तुम गयी तो इधर कौन? सब पार्टी तुमको जानती है."

"सगळं यादीत लिहिलंय आता. थोरला, धाकटा, सगळं."

"मॅडम, यादी फोन उठाएगी क्या?" शेठ म्हणाले. "धाकटा सुबह-सुबह चिल्लाता है, तो तुमको चिल्लाता है. दुसरा कोई उठाए तो काट देता है. तुम्हाला हलवलं तर माझा धंदा हलेल."

इतकी वर्षं मी स्वतःला न हलवता येण्यासारखं करून ठेवलं होतं, आणि तेच झालं होतं. शेठनी ते कौतुकाने सांगितलं, त्यामुळे रागही नीट धरता येईना.

त्या रात्रीच्या स्वयंपाकात मीठ जास्त पडलं. नवऱ्याने ताटात दही वाढून घेतलं.

अंबरनाथच्या गाळ्यात नारळ फोडायच्या दिवशी सगळं ऑफिस गेलं. मीही गेले. न जाण्याने मी तोंड फुगवलंय असं झालं असतं, आणि फुगवलेलं होतंच. पॉलिशच्या मशिनी मागे, पुढे ऑफिस, त्याच्या कोपऱ्यात केबिन. पेढे वाटून झाल्यावर ती मला हाताला धरून आत घेऊन गेली. टेबल कोरं होतं, पण डबा आणि पावत्या आधीच येऊन पडल्या होत्या.

"बस ना ताई," ती म्हणाली आणि स्वतः उभी राहिली.

मी बसले. खुर्ची फार खाली होती. खालचा लिव्हर ओढून मी ती वर घेतली. स्क्रीनही खाली होती. तिच्याखाली ठेवायला मी बाहेरून बटणांचा एक सपाट खोका मागवला, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली तेव्हा हात थांबवला. फायलींनी भरलेला डेस्कटॉप बघून माझी बोटं शिवशिवली. तेवढं मी सोडून दिलं.

"मी शेठना म्हटलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली, "आधी ताईंना विचारा म्हणून. तुला बोलवायच्या आधीच म्हटलं होतं."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला आणखीच वाईट वाटलं. माझ्यासाठी जे बोलायचं होतं, तेही माझ्या आधी तीच बोलली होती.

"तुला इथे यायचं होतं ना?"

"हो," मी म्हणाले. "अजूनही आहे."

तिचं हसू मावळलं. बाहेर काका कोणाला तरी पेढा घ्यायचा आग्रह करत होते. ती काहीतरी समजूत घालायला लागेल, असं मला वाटलं आणि ते मला नको होतं.

"पुढच्या वेळी मी शेठना स्वतः सांगेन, मॅडम," मी म्हणाले. "तुम्ही सांगू नका."

"बरं," ती म्हणाली.

"खुर्ची एवढीच वर ठेवा. नाहीतर मान धरेल."

तिने मान हलवली. मी उठले, आणि ती बसली.